समेट आणि न्याय : एका कायद्याची १३२ वर्षे

धर्मग्रामाच्या कपाटातील विवाहाच्या नोंदवह्या आम्ही अधूनमधून चाळत असतो. वधूवरांची नावे, साक्षीदारांच्या सह्या, धर्मगुरूंचे अक्षर आणि कडेला सोडलेला समास. बहुतेक पानांवरचा समास कोराच असतो. क्वचित एखाद्या पानावर धर्मप्रांतीय न्यायाधिकरणाचा निर्णय दोन ओळींत नोंदलेला आढळतो : हा विवाह मुळातच वैध नव्हता. त्या दोन ओळींमागे किती रात्री जागून काढल्या गेल्या, हे नोंदवही सांगत नाही. ज्या घरांत संसार आतून मोडला, तरी समास कोराच राहिला, त्यांच्याविषयी तर ती अवाक्षरही काढीत नाही. ह्या मौनामागे एक जुना कायदा उभा होता. त्याची ओळख आपल्या कुटुंबांना असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्लंडच्या संसदेने १८५७ साली घटस्फोटाचे अधिकार दिवाणी न्यायालयाकडे सोपविले. त्याच धर्तीवर भारतातील ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ चा भारतीय घटस्फोट अधिनियम आला. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र तेवढे पुरत नसे. पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, किंवा व्यभिचाराबरोबर दोन वर्षांचा परित्याग, अशी दुहेरी सिद्धता तिने करावयाची. पती रोज मारहाण करीत असेल, पण व्यभिचारी नसेल, तर तिच्या पदरी फार तर न्यायिक विभक्तता पडे, घटस्फोट नाही. त्यावर कडी म्हणजे जिल्हा न्यायाधीशाने दिलेला हुकूम उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नसे. पत्नीने पुरावे गोळा करावेत, वकील करावा आणि मग वर्षानुवर्षे त्या शिक्कामोर्तबाची वाट पाहावी!

इंग्लंडने हा भेद १९२३ साली काढून टाकला, आणि १९३७ साली क्रौर्य व परित्याग ही स्वतंत्र कारणे मान्य केली. भारतात मात्र इंग्रज गेले, तरी त्यांनी टाकून दिलेला नियम आपल्याकडे राहिला. १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला; १९७६ च्या दुरुस्तीने त्यात परस्परसंमतीचा घटस्फोटही आला. ख्रिस्ती स्त्री होती तिथेच राहिली. विधी आयोगाने १९८३ च्या अहवालात बदल सुचविला. १९८५ साली एका ख्रिस्ती स्त्रीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी विवाहविषयक कायद्यांतील विसंगतीवर बोट ठेवले. पुढे केरळ उच्च न्यायालयाने १९९५ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ साली कलम १० मधील हा भेदभाव घटनाबाह्य ठरविला. अखेर २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. क्रौर्य, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार ही कारणे पतिपत्नींना सारखीच लागू झाली आणि उच्च न्यायालयाच्या मंजुरीची अट गेली. मूळ कायद्यापासून ह्या दिवसापर्यंत १३२ वर्षे लोटली होती.

विवाह अविच्छेद्य आहे, ही आपली श्रद्धा. तेव्हा कायदा जितका कठोर तितका संसार सुरक्षित, असे आपल्यापैकी पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटत असे, आम्हांलाही वाटे. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षांत एक भगिनी संध्याकाळी आमच्याकडे आली. मनगट सुजलेले होते. आम्ही तिच्या पतीला बोलावून घेतले, दोघांना शेजारी शेजारी बसविले आणि तिला विचारले, "बाई, तुझे काय म्हणणे आहे?" ती खाली पाहत म्हणाली, "काही नाही, फादर." आम्ही दोघांना हात मिळवायला लावले, रोज रात्री एकत्र रोझरी म्हणण्याचा उपदेश केला आणि समेट झाला असे समजून समाधानाने जेवायला गेलो. तीन महिन्यांनी ती माहेरी निघून गेली. आमच्याकडे ती पुन्हा आली नाही.

आमची चूक कोठे झाली, हे मध्यस्थीच्या शास्त्राची ओळख झाल्यावर कळले. मध्यस्थ प्रत्येकाला एकेकटे भेटतो, दुसऱ्याच्या धाकाबाहेर त्याला बोलू देतो, ऐकलेले गुप्त ठेवतो आणि निवाडा लादत नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने, जेथे शक्य असेल तेथे, प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले आणि समुपदेशकांची तरतूद केली. तेथे वकील हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही. मुंबईत हे न्यायालय १९८९ साली सुरू झाले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक तंटे मध्यस्थीकडे पाठविण्यावर भर दिला आणि २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही झाला. मध्यस्थीतून प्रत्येक वेळी संसार सांधला जाईलच असे नाही. कधी मुले कोणाकडे राहतील, पोटगी किती, दागिने कोणाचे, एवढेच सामोपचाराने ठरते. मुलांच्या दृष्टीने तेही थोडे नव्हे.

परस्परसंमतीची वाट २००१ च्या दुरुस्तीने उघडली. दोघांनी मिळून अर्ज करावयाचा आणि सहा महिन्यांनंतर, पण अठरा महिन्यांच्या आत, त्यावर ठाम असल्याचे सांगावयाचे. त्याआधी दोन वर्षे विभक्त राहिल्याची अट कायद्यात लिहिली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ती एका वर्षावर आणली आणि २०२२ साली तीही घटनाबाह्य ठरविली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. न्यायालयाचा घटस्फोट झाला म्हणून चर्चमध्ये पुन्हा विवाह करता येत नाही. त्यासाठी पहिला विवाह मुळात अवैध होता असा न्यायाधिकरणाचा निर्णय लागतो. उलट, न्यायाधिकरणाच्या निर्णयाने दिवाणी विवाह सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. त्याला मान्यता मागणारी याचिकाही २०१७ साली फेटाळली. म्हणजे दोन्ही दारे ठोठवावी लागतात. ख्रिस्तसभेच्या दारापाशीही दुहेरी शिक्का होता : पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ साली दोन एकसारख्या निर्णयांची अट घातली होती. पोप फ्रान्सिस यांनी ती २०१५ साली काढून टाकली.

तुझ्या बंधूने अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याशी बोल, मग एकदोघांना बरोबर ने, ही प्रभूची शिकवण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. समेटाचे हे पाठ आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. मात्र त्याच ख्रिस्तसभेची धर्मसंहिता कलम ११५३ मध्ये सांगते की, जोडीदारापासून शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर विभक्त होण्यास रास्त कारण आहे. हे कलम आम्ही सेमिनरीत पाठ केले होते. ती भगिनी समोर बसली असताना ते आम्हांला आठवले नाही.

आता आमच्या कार्यालयात कोणी जोडपे आले, तर आम्ही एकाला बाहेरच्या बाकावर बसवितो, दार लोटून घेतो आणि मगच पहिला प्रश्न विचारतो.