शब्दवेध : विश्वस्त

रोह्याच्या एसटी स्टँडवर एक आई भेटली, शेजारी तिचा बावीस वर्षांचा गतिमंद लेक. अलिबागला, कलेक्टर कचेरीत निघाली होती. मांडीवरच्या पिशवीत अपंगत्वाचा दाखला, पासबुक. “सज्ञान झाला ना, आता याच्यासाठी माझी सही चालत नाही.”

खरं आहे. अठरानंतर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक उरत नाहीत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. पैशांची सोय वेगळी : मृत्युपत्र, न्यास, आणि तो सांभाळणारा विश्वस्त.

‘न्यास’ म्हणजे ठेवणं, सोपवलेली ठेव. पूजेतला अंगन्यास त्याच धातूचा. पण मला हलवून जातो तो ‘विश्वस्त’. वि + श्वस्. श्वस् म्हणजे श्वास घेणं. विश्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं. ‘विश्वास’ही तिथलाच. ज्याच्या भरवशावर छातीवरचं ओझं उतरतं, तो विश्वस्त. “आमच्यामागे याचं कोण?” हा प्रश्न वर्षानुवर्षं उराशी धरलेल्या घरांना ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही.

“पेणला दिलेल्या लेकीचं नाव घालणार आहे मृत्युपत्रात, विश्वस्त म्हणून,” ती म्हणाली. “हो म्हणालीये ती.” आणि पोराच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.