परार्ध म्हणजे किती?

ज्यांनीं लहानपणीं एकं, दहं, शतं, सहस्र अशीं संख्यास्थानें घोकलीं असतील, त्यांना त्या माळेचा शेवटचा मणि परार्ध हा होता, हें आठवत असेल. एकावर सतरा शून्यें मांडलीं म्हणजे हा परार्ध होतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, तो असाच सांगितला आहे. परंतु शुक्ल यजुर्वेदाची वाजसनेयी संहिता उघडून पाहिली, तर तेथें परार्ध बारा शून्यांवरच थांबतो. मधल्या काळांत परार्ध लाखपट मोठा झाला आणि नांव मात्र तेंच राहिलें!

अर्बुदाची कथा याहून विचित्र आहे. संहितेंत अर्बुद म्हणजे एक कोटि. आर्यभटाच्या आणि भास्कराचार्यांच्या मतें दहा कोटि. आणि नवव्या शतकांतील जैन गणिती महावीराचार्य यांच्या ‘गणितसारसंग्रहां’त तेंच अर्बुद एक हजार कोटींचें आहे. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथाची तर रीतच वेगळी. तेथें अर्जुन नांवाचा गणिती राजकुमार सिद्धार्थाची परीक्षा घेतो, आणि कोटीच्या पुढें कुमार दहादहा पटींनीं न चढतां शंभरशंभर पटींनीं चढतो. शंभर कोटि म्हणजे अयुत, शंभर अयुत म्हणजे नियुत, असें करीत तो एकावर त्रेपन्न शून्यांपर्यंत जाऊन पोंचतो. आर्यभटाचें अयुत अवघें दहा हजारांचें, कुमाराचें अब्जाएवढें.

हा आचार्यांचा निष्काळजीपणा होता असें मला वाटत नाहीं. लाख आणि कोटि हे शब्द व्यवहाराच्या तोंडीं बसले आणि म्हणून स्थिरावले. त्यापलीकडे सावकाराची वही सहसा जात नसे. तेथें ज्याला जसें सोयीचें वाटलें तसें त्यानें नांव ठेवलें, आणि त्यामुळें कोणाचें एका कवडीचेंही नुकसान झालें नाहीं.

युरोपांत हाच प्रकार घडला. फक्त तेथें पुढें नुकसानीची वेळ आली. निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञानें १४८४ सालीं आपल्या हस्तलिखितांत सहा सहा अंकांचे गट पाडून बिलियन, ट्रिलियन अशीं नांवें दिलीं. मिलियन म्हणजे दहा लक्ष, आणि मिलियनची मिलियनपट तें बिलियन. म्हणजे एकावर बारा शून्यें. सतराव्या शतकांत फ्रान्समध्येंच तीन तीन अंकांचे गट पाडण्याची रीत पुढें आली आणि बिलियन नऊ शून्यांवर उतरलें. अमेरिकेनें ही दुसरी रीत उचलली. इंग्लंड आणि जर्मनी पहिलीवरच राहिले.

मग १९२३ साल उजाडलें. जर्मनीचें चलन असें कोसळलें कीं, नोव्हेंबरांत एका अमेरिकन डॉलरला ४·२ बिलियन मार्क पडूं लागले. हें बिलियन जर्मन, म्हणजे बारा शून्यांचें. न्यूयॉर्कच्या वाचकानें तोच शब्द आपल्या अर्थानें घेतला असता, तर मार्क होता त्याहून हजारपट मोलाचा आहे अशी त्याची समजूत झाली असती. त्याच महिन्यांत निघालेल्या नव्या रेंटनमार्कची किंमतहि एक बिलियन जुने मार्क अशीच ठरली होती. ग्रंथांतला वाद आतां लोकांच्या खिशांतल्या नोटेवर छापला गेला.

पुढची हकीकत जरा मौजेची आहे. १९४८ सालीं वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें युरोपाकरितां शुकेच्या रीतीची शिफारस केली, आणि १९६१ सालीं फ्रान्सनें कायद्यानें ती परत घेतली. उलट इंग्लंडनें, जें आजवर त्या रीतीला चिकटून होतें, १९७४ सालीं ती सोडली. सरकारी आंकड्यांत बिलियन म्हणजे नऊ शून्येंच, असें पंतप्रधान विल्सन यांनीं पार्लमेंटांत जाहीर केलें. दोघे एकमेकांना ओलांडून समोरच्याच्या घरांत जाऊन बसले! फ्रेंच किंवा जर्मन वृत्तपत्रांतील बिलियन आजहि इंग्रजी बिलियनच्या हजारपट असतें.

आपल्याकडेहि हा घोटाळा मिटलेला नाहीं. मराठी अब्ज आणि हिंदी अरब एकच. पण मराठींत अब्जाच्या दसपट खर्व, तर हिंदींत अरबाच्या शतपट खरब. हिंदी खरबाचें कोणी सहज खर्व असें भाषांतर केलें, तर रकमेचा दहावा हिस्सा तेवढा उरतो. आणि हिंदी पद्म पंधरा शून्यांचें असल्यामुळें, बारा शून्यांचें आपलें महापद्म त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढेंच भरतें. मोठें कोणतें, हें नांवावरून कोणी ओळखून दाखवावें!

तरीहि मध्यवर्ती सरकारचें अंदाजपत्रक वाचतांना कोणी अडत नाहीं, कारण तेथें हीं नांवें येतच नाहींत. बारा शून्यांच्या रकमेला महापद्म न म्हणतां लोक ‘एक लाख कोटि’ म्हणतात.