कणा ताठ राहावा म्हणून

कुबड हा शब्द आपल्या गोष्टींतून बहुधा थट्टेपुरताच येतो. परंतु त्या कुबडामागे कित्येकदा क्षय दडलेला असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे हाडांत शिरतात, मणक्याचा पुढचा भाग पोखरतात. मणका खचतो, पाठ वाकते, आणि मज्जारज्जू दबला तर पाय लुळे पडतात.

लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७९ साली कुबड आणि लुळे पाय यांचे नाते सांगितले. कारण मात्र त्याला उमगले नव्हते. जंतू कॉखला सापडला १८८२ साली, क्ष-किरण राँटगेनला १८९५ साली. रोग दिसू लागला, पण हटेना! रोग्याने महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, प्लास्टरमध्ये जखडून पडावे, हाच मुख्य उपचार. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, मागोमाग आणखी औषधे आली. पुढे कोरियातील मासान व पुसान येथील प्रयोगांनी १९७३ साली दाखवून दिले की, औषधे नियमित घेतली तर सक्तीच्या खाटेने किंवा प्लास्टरने अधिक लाभ होत नाही.

खाट सुटली, हे वरदान अरण्यात सर्वांत मोठे. मोहफुले वेचणाऱ्याने, धान रोवणारणीने वर्षभर निजून राहावे कसे? २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडच्या रानात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला. तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. प्रारंभी तेथे वीज नव्हती, मग क्ष-किरणांचे यंत्र कोठले? पावसाळ्यात तर वाटच बंद!

आज एमआरआय हाड खचण्यापूर्वीच रोग दाखवितो. सुईने काढलेल्या पुवाची जंतुपरीक्षा काही तासांत होते. सरकारी दवाखान्यात औषधे विनामूल्य मिळतात. ती साधारण बारा महिने, मध्येच न सोडता घ्यावी लागतात. पायांतील शक्ती जाऊ लागली तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

तरीही खरी अडचण उरतेच. रोवणीनंतर पाठ दुखणारच, असे घरचे म्हणतात, आणि रोग आत काम करीत राहतो. विसावा घेऊनही न थांबणारी, रात्री जागे ठेवणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारे वजन: एवढी खूण ज्याने ओळखली, त्याने एक कणा वाचविला. कुबड येण्याची वाट पाहू नये, वाचकहो. ते रोगाचे पहिले पाऊल नव्हे, फार पुढचे आहे.