विदर्भातील युरेनियम

विदर्भातील युरेनियम : वर्धा जिल्ह्यात युरेनियमची खाण नाही, ज्ञात साठाही नाही. महाराष्ट्राच्या नावावर असलेला साठा वर्ध्याच्या बराच पूर्वेला, गोंदिया जिल्ह्यातील मोगर्रा येथे आहे आणि त्याचेही खाणकाम झालेले नाही.

या फरकाचे मूळ खडकांत आहे. वर्धा जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टने व्यापला आहे. शिलारस थिजू लागला की सुरुवातीच्या स्फटिकांत युरेनियमच्या मोठ्या आयनाला जागा मिळत नाही. तो शेवटपर्यंत उरणाऱ्या सिलिकायुक्त रसात साठत जातो. म्हणून ग्रॅनाइटमध्ये दर दहा लाख भागांत सुमारे ४ भाग युरेनियम सापडते, बेसाल्टमध्ये सहसा एकाहूनही कमी. पूर्वेकडे काळा पाषाण संपतो आणि आमगाव पट्टिताश्म, बिजली रायोलाइट, डोंगरगड ग्रॅनाइट हे दोनअडीचशे कोटी वर्षांचे व त्याहून जुने खडक उघडे पडतात. हाच पट्टा पुढे छत्तीसगडात जातो. तेथील बोदलचा साठा याच पट्ट्यातला.

वर्धा नदीच्या खालच्या खोऱ्यात, चंद्रपूर व यवतमाळकडे, कोळसाधारी गोंडवन खडक आहेत. प्राणवायूयुक्त पाण्यात युरेनियम विरघळून वाहते आणि कार्बन किंवा पायराइट भेटले की निक्षेपित होते; त्यामुळे या खडकांतले वालुकाश्म पूर्वेक्षकांना नेहमीच खुणावतात. सातपुड्यात, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, गोंडवन गटाच्या मोतूर खडकांत युरेनियम आढळले आहे.

देशातील युरेनियमचा शोध १९४९ मध्ये भूवैज्ञानिक दा. नौ. वाडिया यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या दुर्मिळ खनिज सर्वेक्षण पथकापासून संघटित झाला. त्याचेच आजचे रूप म्हणजे अणुऊर्जा विभागाचे परमाणू खनिज संचालनालय. त्याचे मुख्यालय हैदराबादला असून मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात आहे. आधी विमानातून गॅमा किरणांचे सर्वेक्षण, मग नाल्यांतील गाळ व विहिरींच्या पाण्याचे नमुने, त्यानंतर हातातील सिंटिलोमीटर घेऊन पायी पाहणी आणि शेवटी वेधन, असा कामाचा क्रम असतो. यातली अवघड गोष्ट अशी की सिंटिलोमीटरला जाणवणारे गॅमा किरण बहुतांशी युरेनियमचे नसतातच. ते त्याच्या क्षयमालेतील बिस्मथ-२१४ चे असतात. पावसाच्या पाण्याने युरेनियम धुऊन नेले आणि रेडियम मागे राहिले, तर यंत्र जोरात बोलते आणि खडकात हाती फार थोडे लागते. उलटेही घडते. म्हणून वेधनातून निघालेला दंडगोल पेटीत क्रमाने मांडून, त्याचे तुकडे प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज कोणताही आकडा ग्राह्य धरत नाहीत.

मोगर्राचा साठा सुमारे ३५५ टन युरेनियम ऑक्साइड इतका नोंदलेला आहे. देशाचा एकूण साठा तीन लाख टनांहून अधिक आहे. समजा, एक टन दगडात ५०० ग्रॅम ऑक्साइड आहे. भारतीय खाणींच्या मानाने ही प्रत नेहमीची म्हणावी लागेल. तरी ३५५ टनांसाठी सात लाख टनांहून जास्त खनिज उपसावे लागेल. कॅनडातील अथाबास्का खोऱ्यातील सिगार लेक खाणीच्या खनिजात युरेनियमचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक आहे. त्याच खोऱ्यात खाणी असलेल्या कॅमेको कंपनीशी भारताने एप्रिल २०१५ मध्ये सुमारे ३,००० टनांचा पुरवठा-करार केला. एवढ्या युरेनियमला मोगर्रासारखे आठाहून अधिक साठे लागले असते. विदर्भात युरेनियमचे भांडार दडले आहे, असे अधूनमधून बोलले जाते. या आकड्यांपुढे ते टिकत नाही.

भारतात युरेनियमचे खाणकाम १९६७ मध्ये स्थापन झालेली युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया करते. झारखंडमधील जादुगुडा ही तिची पहिली खाण. महाराष्ट्राचा वाटा खाणीत नसून पुढच्या प्रक्रियेत आहे : तुर्भे येथील कारखान्यात ३० जानेवारी १९५९ रोजी अणुभट्टीच्या दर्जाच्या युरेनियम धातूची देशातील पहिली लगड तयार झाली.

पूर्व विदर्भात कधी खाणीचा प्रस्ताव आलाच, तर पहिला प्रश्न गाळाचा विचारला पाहिजे. खनिजातून युरेनियम काढून घेतल्यावरही मूळ किरणोत्सारापैकी सुमारे ८५ टक्के उरलेल्या गाळातच राहतो, कारण थोरियम-२३० आणि रेडियम-२२६ तेथेच असतात. थोरियम-२३० चा अर्धायुकाल सुमारे ७५,००० वर्षे आहे. गोंदिया हा तलावांचा व धानाचा जिल्हा. तेथे असा गाळ साठवणारे तळे पाझरले, तर ते पाणी बोड्यांतून, म्हणजे लहान तळ्यांतून, धानाच्या बांध्यांत उतरेल.