‘सार्कॉइड’ : एका रोगनामाचा इतिहास

रोगाचे नाव हे पुष्कळदा त्या रोगाच्या स्वरूपाचे नव्हे, तर नामकरणकाली प्रचलित असलेल्या समजुतीचे द्योतक असते. सार्कॉइडोसिस हे याचे बोलके उदाहरण होय. लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी १८७७ साली या व्याधीच्या त्वचालक्षणांचे वर्णन केले. परंतु नाव रूढ झाले ते नॉर्वेतील सीझर बेक यांच्या १८९९ मधील निबंधामुळे. त्वचेवरील गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यांना त्या सार्कोमा या अर्बुदासारख्या भासल्या. म्हणून ग्रीक ‘सार्क्स’ (मांस) या शब्दावरून त्यांनी ‘सार्कॉइड’, म्हणजे मांससदृश, ही संज्ञा योजिली.

पुढे स्वीडनचे यॉर्गन शाउमन यांनी ही केवळ त्वचेची व्याधी नसून फुप्फुसे, लसीकाग्रंथी आदी अनेक अवयवांना व्यापणारी एकच व्याधी आहे, असे प्रतिपादिले. मात्र ते तिला क्षयाचाच एक प्रकार मानीत. आजच्या ज्ञानानुसार या गाठी म्हणजे अर्बुद नव्हे. शरीराच्या संरक्षक पेशींनी एकत्र येऊन केलेले ते घट्ट पुंजके होत. हा दाह आहे. त्याचे मूळ कारण अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही.

‘दाह’ ही संज्ञाही तपासून पाहण्याजोगी आहे. संस्कृत ‘दह्’ आणि लॅटिन ‘इन्फ्लामारे’ या दोहोंत जळण्याचीच प्रतिमा आहे. परंतु येथे पुष्कळदा आग जाणवतच नाही. छातीच्या क्ष-किरण चित्रातच ती प्रथम दिसते. म्हणजे जुने नाव रोगाला अर्बुद म्हणून चुकवते, तर नवे वर्णन त्याच्या मूकपणाविषयी चुकवते.

या चर्चेचे मोल केवळ शाब्दिक नाही. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर किंवा चिखलीकडील एखाद्या रुग्णास दीर्घकाळ खोकला येत असेल, वजन घटत असेल, तर प्रथम क्षयाचा संशय येणे स्वाभाविक व योग्यच होय. कारण तो रोग आपल्याकडे विपुल आहे. परंतु क्षयाच्या गाठीचा मध्य बहुधा कुजतो, सार्कॉइडची गाठ सामान्यतः कुजत नाही, आणि तीत क्षयजंतू सापडत नाहीत. हा भेद ओळखला नाही, तर एकास निष्कारण क्षयाची औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. उलट दुसऱ्यास, क्षय असता, केवळ दाहशामक स्टेरॉइड दिल्याने रोग बळावतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ती संज्ञा आजही टिकून आहे. तिचा अर्थ मात्र प्रत्येक पिढीने नव्याने तपासून घ्यावयास हवा.