निजामाची अशरफी : आजीच्या पेटीतली मोहर मोडण्याआधी हे वाचा

चाकूर, उदगीर, नांदेड हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचं चलन वेगळं होतं, त्याला ‘हाली सिक्का’ म्हणत. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा इंग्रजी कलदार. याच चलनातलं सोन्याचं नाणं म्हणजे अशरफी. त्यामुळे या भागातल्या एखाद्या जुन्या पेटीत आजही अशरफी निघू शकते.

अशरफी ओळखायची कशी?

पूर्ण अशरफीचं वजन सुमारे ११.२ ग्रॅम, म्हणजे तोळ्याला थोडं कमी. अर्धी, पाव आणि अष्टमांश अशरफीही असे. मजकूर फारसीत आणि साल हिजरी. एकोणिसाव्या शतकातल्या नाण्यावर हिजरी १२१५ ते १३१८ च्या दरम्यानचं साल असतं. १८५७ च्या उठावानंतर नाण्यांवरून मुघल बादशहाचं नाव गेलं आणि आसफजाहचं नाव आलं. त्यासोबत ९२ हा आकडा दिसतो. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक अंक असतो, त्यानुसार ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज ९२ होते.

चारमिनारचं चित्र असेल, तर नाणं विसाव्या शतकातलं. जुनी नाणी हाताने ठोकलेली असल्याने अक्षरं कडेला कापलेली दिसतात. तो दोष नव्हे.

दुर्मीळ का झाली?

सोन्याचं नाणं कधीही वितळवता येतं, म्हणून. अमेरिकेत १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडचं सोनं सरकारजमा करायला लावलं. असंख्य जुनी नाणी वितळून त्यांच्या विटा झाल्या. संग्राहकांच्या दुर्मीळ नाण्यांना मात्र सूट होती. आज तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या काही नाण्यांना सोन्याच्या भावाच्या कैकपट किंमत मिळते, ती शिल्लक फार कमी उरली म्हणून. आपल्याकडे असा हुकूम निघाला नाही. लग्न, दुष्काळ, दवाखाना अशा अडचणीत मोहरा एकेक करून मोडीत गेल्या.

हातात आली तर काय करायचं?

घासूनपुसून चकचकीत करू नका, कडी डागू नका. दोन्हींमुळे संग्राहकाच्या दृष्टीने मोल घटतं. वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. नकली अशरफ्याही असतात.

घर पाडताना किंवा शेत नांगरताना सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवणं हा गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने ‘पुरावस्तू’ ठरतं. ते स्वतःहून परदेशात पाठवता येत नाही.

सोनार देतो तो सोन्याचा भाव. नाण्यावरचं साल आणि नाव मुशीत गेलं की परत मिळत नाही.