छापील सातबाऱ्याची घडण

गाव नमुना सात वर, गाव नमुना बारा खाली, आणि दोन्ही एकाच कागदावर. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या घरी ट्रंकेत जपून ठेवलेला कागद तो हाच, सातबारा. पीककर्ज, सोसायटीचे सभासदत्व, भावाभावांतली वाटणी, कोर्टातला दावा, प्रत्येक ठिकाणी पहिली मागणी त्याचीच होते. तलाठ्याच्या हस्ताक्षरातून निघून हा उतारा प्रिंटरच्या तोंडून बाहेर यायला बरीच वर्षे लागली. त्या वर्षांत संगणकाने सातबाऱ्याला जेवढे बदलले, त्यापेक्षा जास्त सातबाऱ्याने संगणकावर काम करणाऱ्यांना शिकवले.

या नमुन्याची मुळे खोल आहेत. १८३५ मध्ये विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात मोजणी आणि आकारणीची जी पद्धत बसवली, तिने शेताला क्रमांक दिला आणि त्यावरचा सारा ठरवला. जमिनीवर कोणाकोणाचे कसले हक्क आहेत, याची नोंद ठेवणारा मुंबई इलाख्याचा कायदा मात्र १९०३ मध्ये आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. पुढे अँडरसन या अधिकाऱ्याच्या मॅन्युअलने गावच्या हिशेबांना शिस्त लावली. आजचे एकवीस गाव नमुने त्याच परंपरेतले आहेत. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आणि १९७१ चे नियम यांनी सातबाऱ्याला सध्याचा कायदेशीर पाया दिला.

हे नमुने सुटे नव्हते. खरेदी झाली, वारस लागले, बोजा चढला की नोंद आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत जाते. मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली की तिचा अंमल नमुना सातवर येतो. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन आठ-अ मध्ये एकत्र दिसते. एक नोंद एकदाच करायची आणि बाकीच्या वह्यांनी क्रमांकाने तिच्याकडे बोट दाखवायचे, हे तत्त्व संगणकशास्त्राने पुढे डेटाबेसच्या नावाने मांडले. तलाठ्याच्या दप्तरात ते शाईने लिहिलेले होते.

शाईला काही सवयीही होत्या. जुन्या मालकाचे नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा. नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहायचा. प्रमाणित व्हायची बाकी असलेली नोंद पेन्सिलने करायची. हे सगळे एका नजरेत कळायचे. कंसातले नाव वाचून माणूस मागच्या पिढीचा व्यवहार सांगू शकत असे आणि वर्तुळातल्या आकड्यावरून थेट फेरफाराच्या पानावर पोहोचत असे.

केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मध्ये सुरू केली. प्रायोगिक तत्त्वावर आठ राज्यांतला एकेक जिल्हा निवडला गेला आणि महाराष्ट्रातून मान मिळाला वर्ध्याला. त्याच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली; संगणकावर मराठी आणण्यातला तिचा वाटा पुढे येईलच.

त्या वेळी सरकारी कार्यालयांपासून पतपेढ्या आणि साखर कारखान्यांपर्यंत छोट्या संगणकांवर डीबेस, क्लिपर आणि नंतर फॉक्सप्रो या डेटाबेस साधनांचे राज्य होते. हवा तसा प्रोग्रॅम स्थानिक माणूस लिहून देई. माहिती भरायचे पडदे तयार करणे तुलनेने सोपे होते. खरी परीक्षा रिपोर्टची. सभासदाला किंवा साहेबाला पडदा दिसत नसे, त्याच्या हातात कागद पडायचा आणि त्या कागदावरूनच सगळ्या कामाची पारख व्हायची.

डीबेसमध्ये छपाईची आज्ञा सरळ होती: अमुक ओळीत, तमुक रकान्यात हे छाप. बारा इंच उंचीच्या जोडकागदावर इंचाला सहाप्रमाणे ७२ ओळी बसत. नेहमीच्या टायपात आठ इंचांत ८० अक्षरे मावत, आणि प्रिंटरला आधी १५ क्रमांकाचा संकेत पाठवला की अक्षरे आक्रसून त्याच रुंदीत १३२ रकाने बसत. प्रोग्रॅम लिहिणारे चौकटींच्या कागदावर नमुना आखून घेत, प्रत्येक रकान्याची जागा मोजत आणि मगच संगणकाला हात लावत.

पण प्रिंटर वरून खाली जातो, उलटा वर येत नाही. दहावी ओळ छापून झाल्यावर आठव्या ओळीत काही छापायला सांगितले, की डीबेस कागद पुढे ढकलून नव्या पानाची आठवी ओळ गाठत असे. साध्या यादीला याने काही बिघडत नाही. सातबाऱ्याला बिघडते, कारण त्याच्या डाव्या अंगाला भोगवटादारांची नावे असतात आणि उजव्या अंगाला कुळे आणि इतर अधिकार. एका गटात चाळीस हिस्सेदार आणि दोनच बोजे असू शकतात. शेजारच्या गटात एकच मालक, पण इतर अधिकारांत सोसायटीचे कर्ज, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता अशी रांग लागलेली असते. दोन्ही बाजू आपापल्या लांबीने वाढतात आणि छापायच्या मात्र एकाच वेळी, ओळीला ओळ लावून.

उपाय असा की आधी काहीच छापायचे नाही. डावीकडच्या सगळ्या ओळी एका जागी गोळा करायच्या, उजवीकडच्या दुसऱ्या जागी. लांब नाव दोन ओळींत मोडायचे असेल तर ते तिथेच मोडायचे. मग जी बाजू लांब असेल तिच्याइतक्या ओळी मोजून, एकेक ओळ जुळवून खाली पाठवायची. पान संपले तर शीर्षक पुन्हा छापायचे आणि गाव, तालुका, गट क्रमांक प्रत्येक पानावर आणायचे, कारण सुटलेले दुसरे पान कोणत्या शेताचे आहे हे कागदावरूनच कळायला हवे. ही कारागिरी कुठल्या पुस्तकात नव्हती. नमुना समोर ठेवून ती अंगात मुरवावी लागे.

त्यात भर मराठीची. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्र एका कार्डाच्या रूपात संगणकात बसे, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटे. इस्की ही अक्षरांची संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात प्रत्येक व्यंजन, मात्रा आणि हलन्त वेगवेगळा साठवला जाई. म्हणून ‘तुकाराम’ या चार अक्षरांच्या नावाला सात जागा लागत आणि ‘ज्ञानेश्वर’ याही चारच अक्षरांच्या नावाला दहा. संगणक जागा मोजतो, डोळा अक्षरे मोजतो. इंग्रजीच्या सवयीने रकान्याची रुंदी मोजली, की उभी रेघ एका ओळीत आत आणि दुसऱ्या ओळीत बाहेर सरके. नाव मध्येच तोडले तर हलन्त एकीकडे आणि उरलेले व्यंजन दुसरीकडे जाई. मालकी हक्काच्या कागदावर नाव मोडणे ही किरकोळ चूक नव्हे, तिच्यामुळे बँकेच्या खिडकीवर माणूस अडतो.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या डोक्यात नऊ पिना असत, चांगल्यांत चोवीस. रोमन अक्षराला नऊ ठिपक्यांची उंची पुरते. शिरोरेषा, वरची मात्रा, रफार आणि खालचा उकार हे सगळे तेवढ्या उंचीत वाचनीय राहत नाही. मग ओळ चित्रासारखी ठिपक्याठिपक्यांनी रचून, डोके एकाच ओळीवरून अनेकदा फिरवून छापावी लागे. वेळ जाई, पण कार्बनखालच्या प्रतीवरही ठसा उमटे.

कंस आणि वर्तुळ यांचे काय करायचे, हा प्रश्न यंत्रापेक्षा मोठा होता. वर्तुळ छापता येत नव्हते, म्हणून फेरफार क्रमांक गोल कंसात आला. जुन्या नावांचा कंस चौकोनी झाला. पण कंस म्हणजे नुसती खूण नाही. नोंद रद्द झाली तरी ती पुसायची नाही, कोणत्या फेरफाराने रद्द झाली तेही सांगायचे, असा नियम त्यात आहे. म्हणजे विदागारात (डेटाबेसमध्ये) प्रत्येक नावासोबत ते जिवंत आहे की कंसातले, हे साठवावे लागते. ज्यांनी तलाठ्याशेजारी बसून हे समजून घेतले, त्यांचे काम टिकले, आणि त्यांना त्याचे श्रेय मिळायला हवे.

विंडोज आल्यावर ओळी मोजायची कटकट सरली. क्रिस्टल रिपोर्ट्ससारख्या साधनांत शीर्षक, तपशील, तळटीप असे पट्टे आखता येत आणि दोन उपरिपोर्ट शेजारी ठेवून डावी-उजवी बाजू स्वतंत्र वाढू देता येई. लेझर प्रिंटरने अक्षरही सुबक केले. माहिती बरोबर आहे का, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. हस्तलिखित वह्यांतून संगणकात उतरवताना नावे गळत, क्षेत्राची बेरीज चुके. त्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले: संगणकीकृत सातबारे छापून गावात मोठ्याने वाचले गेले आणि लोकांनी आपापल्या नोंदी तपासल्या. हजारो ओळींचा प्रोग्रॅम जी चूक धरू शकत नव्हता, ती शेजारच्या बांधावरचा माणूस ऐकताक्षणी धरू शकत होता.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. पंधरा रुपये भरून उतरवलेल्या प्रतीवर सोळा अंकी पडताळणी क्रमांक असतो आणि तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज राहत नाही. २०२० मध्ये नमुन्याची मांडणी सुधारली. गावाच्या नावापुढे संकेतांक आला, लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्राची बेरीज आली, खाते क्रमांक इतर अधिकारांच्या रकान्यातून उठून खातेदाराच्या नावाशेजारी बसला. शेवटचा फेरफार कोणता आणि कधीचा, तेही छापले जाऊ लागले. मयत खातेदार आणि फिटलेले बोजे यांच्या नोंदींना कंसाऐवजी आता आडवी रेघ मारली जाते. नोंद वाचता येते आणि ती मागची आहे हेही कळते.

खालच्या नमुना बारामध्ये पीक लिहिण्याचे काम पिढ्यान्पिढ्या तलाठ्याचे होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपमधून शेतकरी स्वतः ते नोंदवू लागला, आणि उभ्या पिकाचा फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो. फोटो विदागारात राहतो; नमुना बारावर पिकाचे नाव, क्षेत्र, हंगाम आणि पाण्याचे साधन तेवढे छापून येते.